आधी लांडगे मारले, मग मेलेली जमीन जिवंत करायला घेतली : आल्डो लिओपोल्ड यांची गोष्ट

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचं शहर आहे. राज्याची राजधानी आणि मोठं विद्यापीठ, दोन्ही इथेच. याच शहरात विंग्रा तलावाच्या काठावर विद्यापीठाची सुमारे १,२०० एकर जागा आहे. तिला म्हणतात आर्बोरेटम.

आर्बोरेटम म्हणजे वृक्षोद्यान. साधारणपणे अशा ठिकाणी जगभरातली झाडं आणून लावलेली असतात, प्रत्येकाला पाटी असते. आपण पाटी वाचायची, फोटो काढायचा आणि पुढे जायचं.

मॅडिसनलाही असा एक भाग आहे. तिथे लायलॅक आणि रानसफरचंदाच्या झाडांचा मोठा संग्रह आहे. पण लोक लांबून इथे येतात ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. इथे सुमारे ७० एकरांवर नुसतं गवत आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर हे गवत माणसाच्या डोक्याच्या वर जातं. त्यात पिवळी, जांभळी रानफुलं फुललेली असतात.

बघताना वाटतं, हे गवत हजारो वर्षं इथेच असणार. पण नाही. ९० वर्षांपूर्वी इथे घोडे चरायचे, आणि त्याच्याआधी अनेक दशकं नांगर फिरत होता. आज दिसतं ते गवत माणसांनी हाताने लावलेलं आहे. या माळाचं नाव आहे कर्टिस प्रेअरी, आणि माणसाने पुन्हा उभा केलेला जगातला सगळ्यात जुना प्रेअरी म्हणून तो ओळखला जातो.

हे काम एकट्या माणसाचं नाही. पण या कामामागचा विचार ज्यांनी सगळ्यात स्पष्ट मांडला ते होते आल्डो लिओपोल्ड. पेशाने वनाधिकारी, नंतर प्राध्यापक, आयुष्यभर शिकारी. आणि तरुणपणी लांडगे संपवायला निघालेला माणूस.

बंदुकीपासून गोष्ट सुरू होते

आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ चा. गाव बर्लिंग्टन, राज्य आयोवा. घर मिसिसिपी नदीच्या काठावरच्या उंच कड्यावर. कुटुंब मूळचं जर्मन, त्यामुळे घरात बोलायची भाषा जर्मनच. चार भावंडांत आल्डो सगळ्यात मोठा.

वडील कार्ल यांचा लिहायची टेबलं बनवायचा कारखाना होता. पण त्यांचा खरा जीव रानात. सुट्टी मिळाली की मुलांना घेऊन नदीकाठच्या दलदलीत जायचं, बदकांची शिकार करायची, पक्ष्यांची घरटी बघायची, प्राण्यांचे माग काढायचे.

त्या काळात शिकारीवर बंधनं जवळपास नव्हतीच. पण कार्ल यांनी स्वतःच स्वतःला नियम घालून घेतले होते. वसंतात पक्षी अंडी घालायला उत्तरेकडे जातात, म्हणून त्या दिवसांत पाणपक्ष्यांवर गोळी चालवायची नाही हा त्यातला एक. कायदा सांगत नव्हता, शेजारी पाळत नव्हते, तरी हे पाळायचे. पोराने हे बघितलं. पुढे जमिनीशी माणसाने कसं वागावं यावर लिओपोल्ड यांनी जे काही लिहिलं, त्याचं बीज इथे होतं.

शिक्षणासाठी आल्डो न्यू जर्सीतल्या लॉरेन्सव्हिलला गेला, तिथून येल विद्यापीठात. येलची वनशास्त्राची शाळा तेव्हा नवीन होती. अमेरिकेतली जंगलं बेसुमार तोडली जात होती, आणि सरकारला जंगल सांभाळणारे शिकलेले अधिकारी हवे होते. १९०९ मध्ये आल्डोने तिथून पदव्युत्तर पदवी घेतली आणि थेट यूएस फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये नोकरी मिळवली.

पोस्टिंग मिळालं अॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या डोंगराळ भागात. वय २२. कमरेला पिस्तूल, बसायला घोडा.

त्या लांडगीचे डोळे

त्या वेळचा हिशोब सरळ होता. लांडगा हरणं खातो. शिकाऱ्यांना हरणं हवी असतात. म्हणजे लांडगे कमी झाले तर हरणं वाढतील, आणि लांडगे संपलेच तर शिकाऱ्यांसाठी स्वर्ग. पशुपालकांनाही हेच हवं होतं. सरकारही लांडगे मारायच्या बाजूने होतं. तरुण लिओपोल्ड यांनाही हे शंभर टक्के पटलेलं होतं.

१९०९ मध्ये अॅरिझोनाच्या अपाची जंगलात सर्वेक्षण चालू होतं. लिओपोल्ड आणि त्यांचे सहकारी एका उंच कड्यावर दुपारचं जेवत बसले होते. खाली नदी. पाण्यातून काहीतरी पलीकडून अलीकडे आलं. आधी वाटलं हरीण आहे. बाहेर येऊन अंग झटकलं तेव्हा कळलं की लांडगी आहे. तिची मोठी झालेली पिल्लं झुडपातून बाहेर येऊन तिच्याभोवती खेळायला लागली.

कोणी विचार करत बसलं नाही. सगळ्यांनी बंदुका उचलल्या आणि कड्यावरून खाली गोळ्या झाडल्या. लांडगी पडली. लिओपोल्ड खाली पोचले तेव्हा ती शेवटचे श्वास घेत होती. तिच्या डोळ्यांत एक हिरवी चमक होती, आणि ती विझताना त्यांनी पाहिली.

सिनेमात असतं तर हा माणूस त्याच क्षणी बदलला असता. पण तसं काही झालं नाही. त्या दिवसानंतरही कितीतरी वर्षं लिओपोल्ड हिंस्र प्राणी संपवण्याच्या मोहिमेचे खंदे समर्थक होते. न्यू मेक्सिकोत शिकाऱ्यांच्या संघटना बांधल्या, त्यांच्यासाठी वार्तापत्र काढलं, लांडगे आणि पहाडी सिंह उरूच नयेत यासाठी जोर लावला.

ती हिरवी चमक कागदावर उतरायला ३५ वर्षं जावी लागली. ते आपण पुढे बघू.

मरणाच्या दारातून परत

१९१२ मध्ये लिओपोल्ड यांचं लग्न झालं. मुलगी सांता फे शहरातल्या जुन्या, मोठ्या घराण्यातली, नाव एस्टेला बर्गेर. घराण्याची मुळं स्पॅनिश. त्याच सुमारास लिओपोल्ड कार्सन राष्ट्रीय वनाचे प्रमुख झाले. सगळं नीट चाललं होतं.

१९१३ च्या वसंतात ते कामावर दूर गेले असताना वादळात सापडले. भिजले, गारठले, तशाच अवस्थेत दिवसचे दिवस घोड्यावर प्रवास केला. अंग सुजलं. निदान झालं मूत्रपिंडाच्या आजाराचं. त्या काळी या आजारातून वाचणारे थोडे. लिओपोल्ड वाचले, पण वर्षभराहून जास्त काळ बिछान्यात आणि विश्रांतीत गेला. त्याच काळात त्यांचा पहिला मुलगा जन्मला.

बरे झाले, पण जंगलात घोड्यावरून फिरण्याचं पूर्वीसारखं काम आता जमणार नव्हतं. मग त्यांनी वन्यजीवांच्या व्यवस्थापनावर लक्ष घातलं.

याच काळात त्यांना एक गोष्ट खुपायला लागली. मोटारी वाढत होत्या, प्रत्येक जंगलात रस्ते घुसत होते. लिओपोल्ड यांचं म्हणणं होतं की काही जंगलं तरी रस्त्याविना राहिली पाहिजेत. त्यांच्या पाठपुराव्यामुळे ३ जून १९२४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हीला राष्ट्रीय वनाचा मोठा भाग रस्ते आणि बांधकामापासून राखून ठेवला गेला. अमेरिकेत अशा प्रकारे राखलेलं हे पहिलं क्षेत्र.

पण गंमत बघा. लांडगे संपवल्यामुळे हीलामध्ये हरणं इतकी वाढली की ती झाडं-झुडपं ओरबाडून खायला लागली. मग हरणं कमी करायला शिकारी आत जायला हवेत, आणि शिकाऱ्यांना आत जायला रस्ता हवा, म्हणून काही वर्षांतच त्या राखीव रानातून रस्ता काढला गेला. ज्या रानात रस्ता येऊ नये म्हणून लिओपोल्ड भांडले, त्यात रस्ता आला, आणि त्याचं कारण होतं लिओपोल्ड यांनीच पाठिंबा दिलेली लांडगे मारायची मोहीम.

तिकडे अॅरिझोनाच्या कैबाब पठारावरही तेच झालं. हरणं आधी वाढली, मग उपासमारीने मेली. आपला साधा सरळ हिशोब चुकलाय हे लिओपोल्ड यांच्या हळूहळू लक्षात येऊ लागलं.

मॅडिसनला आले आणि प्राध्यापक झाले

१९२४ मध्येच त्यांची बदली मॅडिसनला झाली. लाकडावर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत सहसंचालक म्हणून. ज्या माणसाला जिवंत झाडात रस, त्याला कापलेल्या लाकडाच्या कामावर बसवलं. चार वर्षं काढली आणि १९२८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

मग पुढची काही वर्षं ते मध्य-पश्चिम अमेरिकेत राज्याराज्यांतून फिरले. शिकारीचे प्राणी-पक्षी किती उरलेत, का कमी झालेत, याची पाहणी करायची. खर्च बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचा. या पाहणीतून त्यांना एक गोष्ट पक्की कळली. प्राणी फक्त शिकारीमुळे कमी होत नाहीत. शेताच्या बांधावरची झुडपं काढली, दलदल आटवली, गवत नांगरलं की प्राण्यांचं घर जातं. घर गेलं की प्राणीही जातात.

१९३३ मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं, गेम मॅनेजमेंट. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक नेमलं. या विषयाचं अमेरिकेतलं हे पहिलं प्राध्यापकपद. विभाग कोणता, तर कृषी अर्थशास्त्राचा, कारण असा विषय बसवायला दुसरी जागाच नव्हती. आणि या नोकरीबरोबर आणखी एक जबाबदारी आली. विद्यापीठाच्या नव्या आर्बोरेटमच्या संशोधनाची.

जुनं विस्कॉन्सिन पुन्हा उभं करायचं

मॅडिसनमध्ये असं उद्यान असावं ही कल्पना लिओपोल्ड यांची नव्हती. मायकेल ओल्ब्रिच नावाच्या वकिलाने १९२० च्या दशकात ती लावून धरली होती. ते १९२९ मध्ये वारले. पुढे इतरांनी पैसे जमवून १९३२ मध्ये पहिली जमीन घेतली.

जमीन कशी होती? थकलेली शेतं, घोड्यांचं कुरण, तोडून विरळ झालेलं जंगल, दलदल. शेजारच्या एका तुकड्यात तर एका कंपनीने १९२० च्या आसपास मोठी वसाहत बांधायला घेतली होती. दलदलीत रस्ते खचले, कंपनी बुडाली. तो तुकडाही पुढे आर्बोरेटममध्ये आला. आजही झाडीत त्या घरांचे पाये दिसतात, आणि त्या भागाला हरवलेलं शहर म्हणतात.

१७ जून १९३४ रोजी आर्बोरेटमचं उद्घाटन झालं. त्या काळाची परिस्थिती लक्षात घ्या. जागतिक मंदी सुरू होती. आणि महिनाभर आधी, मे १९३४ मध्ये, पश्चिमेकडच्या नांगरलेल्या मैदानांवरून धुळीचं इतकं मोठं वादळ उठलं होतं की ती धूळ शिकागो ओलांडून न्यूयॉर्कपर्यंत पोचली. शेतांची माती अक्षरशः हवेत उडून गेली होती.

त्या दिवशीच्या छोट्याशा भाषणात लिओपोल्ड यांनी सांगितलं की इथे फक्त झाडांचा संग्रह करायचा नाही. गोरे वसाहतवाले १८४० च्या दशकात इथे आले तेव्हा ही भूमी जशी होती, त्याचा एक नमुना पुन्हा तयार करायचा. कारण आपण काय गमावलं हे कळल्याशिवाय ते का गमावलं हे कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय उरलेली जमीन वाचवता येणार नाही.

यात एक गोष्ट राहून गेली होती. ही जमीन कोऱ्या पाटीसारखी नव्हती. ती हो-चंक लोकांची. १८३२ च्या करारात त्यांना ती सोडायला लावली. त्यांच्या पूर्वजांनी बांधलेले मातीचे टिळे आजही आर्बोरेटममध्ये आहेत. ज्या गवताळ माळाचा नमुना उभा करायचा होता, तो टिकण्यामागेही मूळ रहिवाशांनी नियमितपणे लावलेल्या आगींचा मोठा हात होता. हा धागा पुढे महत्त्वाचा ठरणार होता.

गवत लावायला इतके कष्ट कशाला?

आता तुम्ही म्हणाल, गवतच तर आहे. जमीन सोडून दिली की उगवेल की आपोआप.

तिथेच तर खरी अडचण होती.

प्रेअरी म्हणजे उत्तर अमेरिकेतलं विस्तीर्ण माळरान. आपल्याकडचं सोलापूरच्या बाजूचं माळरान डोळ्यासमोर आणा, पण गवत पुरुषभर उंच. एकेकाळी असं उंच गवताचं रान सुमारे १७ कोटी एकरांवर पसरलं होतं. त्याच्या मुळांचं जाळं इतकं घट्ट की लोखंडी नांगर त्यात अडकायचा. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने पोलादाचा नांगर बनवला आणि चित्र पालटलं. दोन-तीन पिढ्यांत हे रान मका आणि गव्हाखाली गेलं. आज त्यातलं चार टक्क्यांहूनही कमी उरलंय.

एकदा नांगरलं की मूळ गवत परत येत नाही. त्या जागी युरोपातून आलेलं कुरणाचं गवत माजतं, आणि देशी बियांना जागाच मिळत नाही. म्हणजे जमीन नुसती सोडून भागत नव्हतं. हाताने लावायला हवं होतं. आणि हे कसं करायचं, याचं पुस्तक जगात कुठेच नव्हतं.

मनुष्यबळ मंदीने दिलं. बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर नावाची योजना सुरू केली होती. राहायला छावणी, महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ घरी पाठवायचे. आपल्याकडच्या रोजगार हमीची आठवण यावी अशी योजना. १९३५ मध्ये या पोरांची एक छावणी थेट आर्बोरेटममध्ये उभी राहिली आणि १९४१ पर्यंत राहिली.

नॉर्मन फॅसेट या वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रेअरीची कल्पना उचलून धरली. थिओडोर स्पेरी नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला कामावर नेमलं. कुठे कुठे मूळ प्रेअरीचे तुकडे शिल्लक होते, तिथून बिया आणि मातीसकट गवताचे गड्डे आणायचे आणि त्या पोरांनी ते जुन्या घोड्यांच्या कुरणात लावायचे. ऊन, दुष्काळ, तण. लावलेलं बरंच मरायचं. पुन्हा लावायचं.

तरी परदेशी गवत हटेना. मग १९४० च्या दशकात जॉन कर्टिस आणि मॅक्स पार्च यांनी आगीचा प्रयोग केला. ठरावीक तुकडे ठरावीक महिन्यांत पेटवायचे आणि काय होतं ते मोजायचं.

निकाल चकित करणारा होता. युरोपी गवत वसंतात लवकर हिरवं होतं. त्या वेळी आग लावली की ते होरपळतं. देशी गवताचे कोंब मात्र तेव्हा अजून मातीखाली झोपलेले असतात. आग वरून निघून जाते, जमीन काळी होऊन लवकर तापते, वर ऊन मिळतं, आणि देशी गवत जोमाने येतं. हो-चंक आणि इतर मूळ रहिवासी शतकानुशतकं जे करत होते, तेच आता मोजमापासह सिद्ध झालं. १९४८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजही आर्बोरेटममध्ये प्रशिक्षित लोक ठरवून, वारा बघून गवत पेटवतात.

पुढे या माळाला कर्टिस यांचंच नाव दिलं गेलं. दुसरा एक माळ हेन्री ग्रीन या शास्त्रज्ञाने बराचसा एकट्याच्या कष्टाने लावला. तो ग्रीन प्रेअरी.

कोंबड्यांच्या खुराड्यातलं घर

आर्बोरेटमचं काम विद्यापीठाचं होतं. पण लिओपोल्ड यांना हेच स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या जमिनीवर करून बघायचं होतं.

१९३५ मध्ये त्यांनी विस्कॉन्सिन नदीच्या काठी, बाराबू गावाजवळ ८० एकर जमीन घेतली. आधीच्या मालकाने पिळून टाकलेली रेताड जमीन. घर जळून गेलेलं. उभं होतं ते फक्त कोंबड्यांचं खुराडं, आणि त्यातही शेणखत साचलेलं. घरच्या सगळ्यांनी मिळून ते उपसलं, डागडुजी केली आणि त्यालाच घर केलं. त्याला ते शॅक म्हणायचे, म्हणजे झोपडी.

शनिवार-रविवार आला की नवरा, बायको, पाच मुलं आणि कुत्रा तिथे हजर. वसंतात पाइनची रोपं लावायची, हजारोंच्या संख्येने. १९३६ च्या भयंकर दुष्काळात पहिल्या वर्षी लावलेली बहुतेक सगळी रोपं मेली. पुढच्या वर्षी पुन्हा लावली. असं १२-१३ वर्षं चाललं. आज तिथे उंच पाइनचं बन आहे.

पहाटे उठून लिओपोल्ड बाहेर बसायचे आणि कोणता पक्षी कधी बोलला, कोणतं फूल कधी उमललं याची नोंद करायचे. या नोंदी इतक्या काटेकोर आहेत की हवामान बदलामुळे वसंत किती लवकर यायला लागलाय हे शोधताना शास्त्रज्ञांनी त्या वापरल्या.

याच वर्षी ते जर्मनीला जाऊन आले. पूर्वजांच्या देशातली जंगलं बघायला. तिथे झाडं रांगेत उभी होती, हरणं मोजून पाळलेली होती, आणि रानपण कुठेच नव्हतं. सगळं काही नियंत्रणात ठेवलेलं जंगल कसं दिसतं हे त्यांनी बघितलं, आणि आपल्याला हे नको आहे हे त्यांना कळलं.

लोकांच्या शिव्याही खाल्ल्या

१९४३ मध्ये लिओपोल्ड विस्कॉन्सिनच्या वन्यजीव आणि जंगलांचं धोरण ठरवणाऱ्या आयोगावर गेले. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये लांडगे जवळपास संपले होते आणि हरणं बेसुमार वाढली होती. हिवाळ्यात चारा संपला की ती उपाशी मरायची, आणि त्याआधी जंगलातली सगळी कोवळी रोपं खाऊन टाकायची.

लिओपोल्ड म्हणाले, हरणं कमी करा, माद्यांच्याही शिकारीला परवानगी द्या. त्या वर्षी तशी परवानगी मिळाली आणि एका हंगामात सव्वा लाखाच्या आसपास हरणं मारली गेली. लोक भडकले. बांबीसारख्या गोड हरणांचा खुनी म्हणून त्यांच्यावर टीका झाली. हरणं वाचवण्यासाठी म्हणून खास एक वार्तापत्र निघालं, त्यात त्यांना झोडपलं जायचं.

ज्या माणसाने तरुणपणी हरणं वाढावीत म्हणून लांडगे मारले, तो आता जंगल वाचावं म्हणून हरणं मारायला सांगत होता.

त्याच सुमारास लिओपोल्ड निसर्गावर छोटे ललित लेख लिहीत होते. पुस्तक करायचं मनात होतं. चित्रं काढणार होता त्यांचा जुना विद्यार्थी अल्बर्ट हॉचबॉम. लेख वाचून हॉचबॉमने गुरूला तोंडावर सांगितलं की तुम्ही लिहिता तेव्हा असं वाटतं की चुका सगळ्या इतरांनी केल्या. लांडगे संपवण्यात तुमचाही वाटा होता, ते लिहा.

विद्यार्थ्याचं हे बोलणं लिओपोल्ड यांनी मनावर घेतलं. १९४४ मध्ये त्यांनी तो लेख लिहिला. त्यात ते २२ वर्षांचे होते, बंदूक चालवायला हात शिवशिवत होते, आणि एका लांडगीच्या डोळ्यांतली हिरवी चमक विझत होती. लांडगे नसतील तर हरणं डोंगर खाऊन टाकतात, आणि डोंगराला हे ठाऊक असतं, असा त्या लेखाचा आशय. पर्यावरणावरच्या इंग्रजी लेखनातला तो आजही सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेखांपैकी एक आहे.

सात दिवसांचा आनंद

पुस्तक मात्र कोणी छापेना. एकामागून एक प्रकाशकांनी नकार दिला. शेवटी १४ एप्रिल १९४८ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून फोन आला. पुस्तक स्वीकारलं.

बरोबर सात दिवसांनी, २१ एप्रिलला, लिओपोल्ड पत्नी आणि धाकट्या मुलीसोबत शॅकवर होते. रोपं लावायचे दिवस होते. शेजाऱ्याच्या शेतावर धूर दिसला. गवताला आग लागली होती आणि ती त्यांच्या पाइनच्या दिशेने येण्याची भीती होती. पाण्याचा पंप घेऊन ते आग विझवायला गेले. तिथेच हृदयविकाराचा झटका आला. वय ६१. बर्लिंग्टनला, जिथे जन्मले त्या गावात, त्यांना पुरण्यात आलं.

मुलगा लूना याने पुस्तकाचं उरलेलं काम पूर्ण केलं आणि १९४९ मध्ये ते आलं. नाव, अ सँड काउंटी अल्मनॅक. सुरुवातीला विक्री बेताचीच. पण १९७० च्या आसपास अमेरिकेत पर्यावरणाची चळवळ उभी राहिली आणि तरुणांच्या झोळीत हे पुस्तक दिसायला लागलं. आजवर त्याच्या २० लाखांहून जास्त प्रती खपल्या आहेत.

पुस्तकाच्या शेवटी त्यांनी जो विचार मांडला त्याला लँड एथिक म्हणतात. म्हणजे जमिनीशी वागण्याची नीती. थोडक्यात सांगायचं तर माती, पाणी, झाडं आणि प्राणी ही आपली मालमत्ता नाही. आपण सगळे एकाच समाजाचे सदस्य आहोत. शेजाऱ्याशी जसं वागायचं, तसंच यांच्याशीही.

आज तिथे काय दिसतं?

लिओपोल्ड यांची पाचही मुलं निसर्ग आणि विज्ञानाच्याच वाटेने गेली. त्यातली तीन, स्टार्कर, लूना आणि धाकटी एस्टेला, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडली गेली. एकाच घरातली तीन भावंडं या अकादमीवर, हे फार क्वचित घडतं.

१९९८ मध्ये, लिओपोल्ड यांना जाऊन ५० वर्षं झाली तेव्हा, अॅरिझोनाच्या त्याच अपाची जंगलात सरकारने पिंजऱ्यात वाढवलेले ११ मेक्सिकन लांडगे सोडले.

आणि आर्बोरेटम? तिथे फिरायला पायवाटा आहेत. प्रेअरीतून चालताना कॉम्पास प्लांट दिसतं. उंच, पिवळ्या फुलांचं हे झाड आपली पानं उत्तर-दक्षिण धरून उभं राहतं, म्हणून हे नाव. एका जुन्या दफनभूमीच्या कोपऱ्यात उरलेलं हे झाड गवत कापणाऱ्यांनी कापून टाकलं तेव्हा लिओपोल्ड यांना किती वाईट वाटलं होतं, हे त्यांनी पुस्तकात लिहून ठेवलंय. आता आर्बोरेटममध्ये ते मोकळेपणाने फुलतं. जंगली टर्की वाटेत आडवे येतात, आणि क्रौंच कुळातले उंच सँडहिल क्रेन गवतात चरताना दिसतात.

पण काम संपलंय असं समजू नका. आर्बोरेटमच्या मधून मोठा हायवे जातो. आजूबाजूला वाढलेल्या शहरातलं पावसाचं पाणी वाहून इथेच येतं. त्याच्याबरोबर खतं आणि गाळ येतो, आणि त्यावर रीड कॅनरी नावाचं आक्रमक गवत पोसलं जातं. ते काढावं लागतं, पुन्हा बिया टाकाव्या लागतात, पुन्हा आग लावावी लागते. ९० वर्षांनंतरही कर्टिस प्रेअरी मूळ प्रेअरीची बरोबरी करत नाही, हे तिथले शास्त्रज्ञच सांगतात.

एक नांगर काही दिवसांत जे मोडतो, ते जोडायला ९० वर्षंही पुरलेली नाहीत. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या माळरानाला कोणी पडीक जमीन म्हटलं, तर तिथे आधी काय काय राहतं हे एकदा बघून घ्या. मोडायच्या आधी बघितलेलं बरं, एवढंच मॅडिसनचं ते गवत सांगतं.